घेणारा नसलेले देणे : ‘गिव्ह अप’ या इंग्रजी क्रियापदाचा विचार

प्रस्तुत व्याख्यानाचा विषय इंग्रजीतील ‘गिव्ह अप’ हे एकच क्रियापद असून, रोजच्या वाक्यांत ते कसे चालते याचा विचार येथे इतिहास, रचना आणि अर्थ या तीन अंगांनी केला आहे. साध्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ यांसारखे छोटे अव्यय जोडले जाऊन जेव्हा मूळ धातूहून निराळा अर्थ उभा राहतो, तेव्हा त्या जोडीला इंग्रजी व्याकरणात ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मधील ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या ग्रंथात ही संज्ञा वापरली आणि ती सुचवण्याचे श्रेय ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. मात्र या जोड्या परभाषकांना फार अवघड जातात हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवले होते. मराठी विद्यार्थ्यालाही ती अडचण येते, आणि तिच्यावर याद्या पाठ करण्याचा उपाय सांगितला जातो. पण यादीतून सुटा अर्थ हाती लागतो, वाक्य लागत नाही.

‘देणे’ ही क्रिया तीन घटकांवर उभी असते : देणारा, दिली जाणारी वस्तू आणि घेणारा. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत त्यांना अनुक्रमे कर्ता, कर्म आणि संप्रदान म्हणतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. त्याला ‘अप’ जोडला की या त्रयीतला एकेक घटक वाक्यातून गळू लागतो, आणि कोणता घटक उरला व कोणता गळला यावरून त्या वाक्याचा नेमका अर्थ ठरतो, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

या जोडीचा एक अतिशय जुना लिखित दाखला इंग्लंडमधील पीटरबरोच्या मठात लिहिल्या गेलेल्या बखरीत सापडतो. सुमारे ११५५ मध्ये लिहिलेल्या तिच्या अखेरच्या भागात ११३२ या वर्षाखाली अशी नोंद आहे की, राजा पहिला हेन्री याने हेन्री नावाच्याच मठाधिपतीला पीटरबरोचे मठाधिपतिपद सोडायला लावून देशाबाहेर घालवले. आणि पद सोडण्याच्या क्रियेसाठी तेथे ‘गिव्ह अप’चेच जुने रूप आले आहे. त्याहून जुन्या इंग्रजीत हाच अर्थ ‘देणे’ या धातूच्या आधी उपसर्ग लावून सांगितला जाई. पुढे असे अनेक उपसर्ग मागे पडले आणि त्यांचे काम क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या अव्ययांकडे गेले. बखरीतील प्रसंगात देणारा आहे, दिलेले पद आहे, आणि ते ज्याच्या हुकमाने सोडायचे तो राजाही समोर आहे. म्हणजे ‘देणे’ येथे अजून बरेचसे शाबूत आहे.

आजच्या इंग्रजीतही हा प्रकार टिकून आहे. बसमध्ये वृद्ध प्रवाशाला आपली जागा देणे किंवा गुन्हेगाराने स्वतःला पोलिसांच्या हवाली करणे या दोन्हींसाठी ‘गिव्ह अप’ वापरतात, आणि घेणारा ‘टु’ या शब्दयोगी अव्ययाने जोडला जातो. पुढची पायरी सवयीची आहे. एखाद्याने सिगारेट सोडली, नोकरी सोडली, आशा सोडली असे म्हणताना तेच क्रियापद येते, पण सोडलेली सिगारेट कोणाला मिळत नाही आणि सोडलेली आशा कोणी घेत नाही. संप्रदान गळून केवळ कर्त्याची पकड सुटणे उरते. तिसऱ्या पायरीवर कर्मही जाते. कोडे सुटत नसले की मराठी मूल ‘हरलो, आता सांग’ म्हणते, तेथे इंग्रजी मूल ‘आय गिव्ह अप’ एवढेच म्हणते, आणि त्यात काय दिले, कोणाला दिले हे दोन्ही प्रश्न निरर्थक ठरतात.

वगळलेला घटक पुन्हा आणायचा झाला तर तो नव्या अव्ययाने आणावा लागतो, आणि येथे अर्थाला मोठी कलाटणी मिळते. ‘गिव्ह अप अ चाइल्ड’ म्हणजे मूल दत्तक देण्यासाठी दुसऱ्याच्या हाती सोपवणे, तर ‘गिव्ह अप ऑन अ चाइल्ड’ म्हणजे त्या मुलाकडून काही होईल ही आशाच सोडणे. पहिल्या वाक्यातील आई मुलाच्या भल्यासाठी त्याला दूर करीत असू शकते, तर दुसऱ्या वाक्यात मूल घरातच असते, पण त्याच्यावरचा विश्वास संपलेला असतो. एका ‘ऑन’वर इतका फरक अवलंबून आहे. ‘गिव्ह इन’ या शेजारच्या जोडीशीही असाच गोंधळ होतो : मुलाच्या हट्टापुढे आई नमली तर ‘गिव्ह इन’, आणि त्याची समजूत काढण्याचा प्रयत्नच तिने थांबवला तर ‘गिव्ह अप’.

रचनेचे नियमही याच दृष्टीने पाहावे लागतात. कर्म नाम असेल तर ते ‘अप’च्या आधी किंवा नंतर, दोन्हीकडे चालते, पण ते सर्वनाम असेल तर मधेच बसते, म्हणून ‘गिव्ह इट अप’ बरोबर आणि ‘गिव्ह अप इट’ चूक. सर्वनाम आधी माहीत असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते, त्यामुळे त्यावर जोर येत नाही, आणि वाक्याच्या शेवटचे जोराचे स्थान ‘अप’कडे जाते. कर्म म्हणून एखादी क्रिया आली तर ती ‘इंग’प्रत्ययान्त रूपात येते, ‘टु’ लावलेले रूप तेथे चालत नाही, आणि ‘गिव्ह अप टु स्मोक’ ही मराठी विद्यार्थ्यांची नेहमीची चूक तेथेच होते.

सर्वनामाचा हा नियम भारतातील कोट्यवधी घरांत एका सरकारी मोहिमेच्या नावातून पोहोचला. मार्च २०१५ मध्ये स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान ज्यांना परवडते त्यांनी स्वेच्छेने सोडावे, असे आवाहन ‘गिव्ह इट अप’ या नावाने करण्यात आले, आणि एप्रिल २०१६ पर्यंत एक कोटीहून अधिक ग्राहकांनी ते सोडले. मोहिमेच्या नावात घेणारा नव्हता. पण वाचलेला पैसा गरीब कुटुंबांना गॅसजोडण्या देण्यासाठी वापरला जाईल असे सरकारने सांगितले, म्हणजे नावातून गळलेले संप्रदान आवाहनाच्या स्पष्टीकरणात परत आणावे लागले. सोडण्याला त्याग म्हणायचे तर तो कोणाच्या उपयोगी पडला हे सांगणे भाग असते.

क्रियापद आणि त्याचे अव्यय यांच्यामध्ये दुसरा शब्द येणे भारतीय व्याकरणपरंपरेला अपरिचित नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत (१.४.८०–८२) उपसर्ग धातूच्या आधी येतात असा सामान्य नियम सांगून, वेदांच्या भाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये इतर शब्द घेऊनही येतात, अशी मुभा नोंदवली आहे. जर्मन भाषेतील ‘आउफगेबेन’ हे तर ‘गिव्ह अप’चे सख्खे भावंड आहे : घटक तेच, अर्थ तोच, आणि साध्या विधानात त्याचे ‘आउफ’ सुटून वाक्याच्या शेवटी जाऊन बसते.

मराठीकडे उपसर्गांखेरीज आणखी एक साधन आहे, ते संयुक्त क्रियापदाचे. ‘सोडून देणे’ या रूपात ‘सोडून’ हे धातुसाधित मुख्य अर्थ सांगते आणि ‘देणे’ हे सहायक क्रियापद ती क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवते. ‘त्याने तंबाखू सोडून दिली’ या वाक्यात ‘दिली’ असूनही घेणारा कोणी नाही. इंग्रजीत ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतील ‘अप’ हीच पूर्णता सांगतो. इंग्रजीने ‘देणे’ मुख्य ठेवून पूर्णतेचे काम अव्ययाकडे सोपवले, मराठीने ‘सोडणे’ मुख्य ठेवून तेच काम ‘देणे’कडे सोपवले, पण घेणाऱ्यावाचूनचे देणे दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे घडवले.

म्हणून ‘गिव्ह अप म्हणजे सोडणे’ एवढी एक ओळ वहीत उतरवून शिक्षकाचे काम संपत नाही. प्रत्येक वाक्यापुढे कोणी सोडले, काय सोडले आणि ते कोणाच्या हाती गेले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्याला विचारायला शिकवले, तर ‘टु’ कधी आणि ‘ऑन’ कधी, सर्वनाम कोठे आणि ‘इंग’ कोठे, हे त्याला उत्तरांतूनच उमगत जाते. मातृभाषेच्या व्याकरणात कर्ता, कर्म आणि संप्रदान शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याजवळ हे प्रश्न आधीपासूनच आहेत. इंग्रजीच्या वर्गात ते बाहेर ठेवायला लावणे ही त्याच्या शिक्षणाची खरी हानी आहे.