उडत्या तबकड्या आणि सरकारी दप्तर

आकाशांत कांहीं विलक्षण दिसावें आणि त्याचा उलगडा होऊं नये, ही गोष्ट मनुष्यजातीला नवी नाहीं. धूमकेतु, उल्का आणि ग्रहणें यांनीं प्राचीन काळापासून लोकांस भयचकित केलेलें आहे. परंतु आकाशांत दिसलेल्या वस्तूबद्दल लोकांनीं आपल्या सरकारास जाब विचारावा, सरकारी दप्तर उघडण्याची मागणी करावी, आणि लोकप्रतिनिधींनीं साक्षीदारांच्या जबान्या शपथेवर, सर्व जगासमक्ष घ्याव्या, हा प्रकार मात्र अगदीं अर्वाचीन आहे. तो घडला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत. उडत्या तबकड्या खऱ्या कीं खोट्या, हा प्रश्न मनोरंजक खरा. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा कीं, राज्यकर्त्यांनीं प्रजेपासून काय लपवावें, किती काळ लपवावें, आणि त्या लपविण्याची किंमत अखेर कोणीं द्यावी?

या प्रकरणाचा आरंभ २४ जून १९४७ रोजीं झाला. त्या दिवशीं केनेथ आर्नोल्ड नांवाच्या वैमानिकास रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकणाऱ्या वस्तू अतिशय वेगानें जातांना दिसल्या. पाण्यावर फेंकलेली बशी टप्पे घेत जाते तशी त्यांची गति होती, असें त्याचें म्हणणें. वर्तमानपत्रांनीं गतीची उपमा आकाराला लावली आणि ‘उडती तबकडी’ हें नांव जगभर झालें. पंधरवडा उलटतो न उलटतो तोंच, ८ जुलै रोजीं, न्यू मेक्सिको संस्थानांतील रॉझवेल येथील लष्करी विमानतळावरून अशी एक तबकडी हातीं लागल्याचें जाहीर झालें. आणि लागलीच खुलासा आला कीं, ती तबकडी नसून हवामानाचा फुगा होता.

हा खुलासा पुरता खरा नव्हता. सोव्हिएत रशियाच्या अणुस्फोटांचा नाद उंच वातावरणांत टिपतां यावा म्हणून अमेरिकेनें फुग्यांच्या लांबच लांब माळा गुप्तपणें सोडल्या होत्या, आणि रॉझवेलचे अवशेष बहुधा अशाच एका माळेचे असावेत, असें अमेरिकन विमानदलानें १९९४ सालीं, म्हणजे तब्बल सत्तेचाळीस वर्षांनीं सांगितलें. तेंही न्यू मेक्सिकोच्या एका लोकप्रतिनिधीनें हिशेबतपासणी खात्यामार्फत कागदपत्रांची चौकशी सुरू केली तेव्हां! त्या खात्याच्या १९९५ च्या अहवालांत असेंही नमूद झालें कीं, रॉझवेल विमानतळाचें त्या काळचें पुष्कळसें दप्तर नष्ट करण्यांत आलेलें आहे. साहजिकच जे संशयी होते ते अधिकच संशयी झाले.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९५५ सालीं अमेरिकेनें ‘यू-२’ हें हेरगिरीचें विमान उडविण्यास प्रारंभ केला. त्या काळीं प्रवासी विमानें दहा ते वीस हजार फुटांवरून जात. हें विमान साठ हजार फुटांच्याही वर जाई. सायंकाळीं खालीं अंधार पडला असतांही एवढ्या उंचीवर सूर्यप्रकाश असे, आणि विमानाचे रुपेरी पंख त्यांत निखाऱ्यासारखे चमकत. खालच्या वैमानिकांनीं तें पाहून प्रामाणिकपणें कळविलें; आणि सरकारनें त्यांस सांगितलें कीं, हा बर्फाच्या कणांचा किंवा हवेच्या थरांचा खेळ आहे. गुप्तहेरखात्याच्याच इतिहासकारानें १९९७ सालीं लिहिलें कीं, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० पर्यंतच्या अशा वृत्तांपैकीं निम्म्याहून अधिक वृत्तांचें मूळ या गुप्त विमानांत होतें. या आंकड्याविषयीं मतभेद आहेत. पण खोटीं कारणें सांगितलीं गेलीं, ही कबुली खात्यानें आपल्या तोंडानें दिलेली आहे.

लोकसभेपुढें हा विषय प्रथम ठळकपणें आला तो १९६६ सालीं. मिशिगन संस्थानांत शेंकडों लोकांस चमत्कारिक दिवे दिसले असतां, विमानदलाचे सल्लागार ज्योतिषशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनीं त्यांतील कांहींचें कारण दलदलींतून निघणारा वायु असावा, असें सुचविलें. त्यावर देशभर हंसें झालें. मिशिगनचे प्रतिनिधि जेरल्ड फोर्ड, जे पुढें राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनीं चौकशीची मागणी केली आणि ५ एप्रिल १९६६ रोजीं प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढें जाहीर सुनावणी झाली. नंतर कोलोरॅडो विद्यापीठाकडे हें काम सोंपविण्यांत आलें. त्या अभ्यासांतून विज्ञानास कांहीं लाभ होण्याजोगें नाहीं, असा निष्कर्ष निघून १९६९ च्या अखेरीस विमानदलानें आपला शोधविभाग बंद केला. त्याच्या दप्तरीं १२,६१८ वृत्तें नोंदलेलीं होतीं. पैकीं ७०१ वृत्तांचा उलगडा झाला नव्हता.

येथें विचार करणाऱ्यानें क्षणभर थांबावें. सातशें एक वृत्तांचा उलगडा झाला नाहीं, याचा अर्थ सातशें एक परग्रहवासी येऊन गेले असा होत नाहीं. जिचा उलगडा झाला नाहीं ती गोष्ट केवळ उलगडा न झालेलीच असते. तिच्या रिकाम्या जागीं आपल्या आवडीची कल्पना बसविण्याचा अधिकार कोणासही पोहोंचत नाहीं.

पुढें जवळजवळ अर्धशतक हा विषय थट्टेचा होऊन राहिला. डिसेंबर १९१७ नव्हे, तर २०१७ मध्यें ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें उघडकीस आणलें कीं, संरक्षणखात्यानें मधल्या काळांत दोन कोटी वीस लक्ष डॉलर खर्चून याच विषयाचा गुपचूप शोध चालविला होता. मग चक्रें फिरूं लागलीं. २०२० सालीं आरमारी वैमानिकांनीं टिपलेल्या तीन चित्रफिती सरकारनें अधिकृतपणें खुल्या केल्या. २०२१ सालीं १४४ वृत्तांचा अहवाल निघाला, त्यांत एकाचाच, हवा जात असलेल्या मोठ्या फुग्याचा, खात्रीलायक उलगडा होता. आणि १७ मे २०२२ रोजीं अर्धशतकानंतर पुन्हां जाहीर सुनावणी झाली.

सर्वांत गाजली ती २६ जुलै २०२३ ची सुनावणी. तींत डेव्हिड फ्रेव्हर या माजी आरमारी वैमानिकानें २००४ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर पाहिलेल्या पांढऱ्या, पंखहीन वस्तूचें वर्णन केलें. रायन ग्रेव्ह्ज या दुसऱ्या वैमानिकानें सांगितलें कीं, वैमानिकांस असें कांहीं दिसतें, पण हंसें होईल व नोकरीस बाध येईल या भीतीनें ते बोलत नाहींत. तिसरे साक्षीदार, माजी हेरखाते-अधिकारी डेव्हिड ग्रश, यांनीं शपथेवर सांगितलें कीं, कोसळलेलीं अमानवी यानें सरकारजवळ असून त्यांचें काम लोकप्रतिनिधींपासून लपविण्यांत आलें आहे. परंतु हें आपण स्वतः पाहिलेलें नसून चाळीसांहून अधिक व्यक्तींकडून ऐकलेलें आहे, हेंही त्यांच्या जबानींत स्पष्ट होतें. जाहीर सुनावणीचा लाभ नेमका हाच. पाहिलेलें कोणतें, ऐकलेलें कोणतें आणि नुसतें मानलेलें कोणतें, हें तेथें वेगवेगळें करतां येतें. कुजबुजींत तें करतां येत नाहीं.

त्याच वर्षीं सेनेटमध्यें शूमर व राउंड्स या दोन विरुद्ध पक्षांच्या सभासदांनीं, केनेडी-वधाच्या कागदपत्रांविषयींच्या १९९२ च्या कायद्याच्या धर्तीवर, दप्तर खुलें करण्याची योजना मांडली. डिसेंबरांत कायदा झाला तेव्हां कागद तपासणारें स्वतंत्र मंडळ गळलें. राष्ट्रीय दप्तरखान्यांत कागद जमा करण्याचें कलम तेवढें उरलें. मार्च २०२४ मध्यें संरक्षणखात्याच्या चौकशी-कचेरीनें जाहीर केलें कीं, परग्रहावरील यंत्रांचा कोणताही पुरावा सांपडला नाहीं. हें म्हणणें खरें असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण फुग्यांविषयीं आणि विमानांविषयीं पूर्वीं ज्यांस खोटें ऐकावें लागलें, ते आतां खऱ्यावरही विश्वास ठेवीनात, आणि नोव्हेंबर २०२४ व सप्टेंबर २०२५ मध्यें पुन्हां सुनावण्या झाल्या.

झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ जितका काळ झांकून ठेवावी तितकी तिची कल्पित किंमत वाढत जाते. आणि पुढें ती उघडली व रिकामी निघाली, तरी ऐवज दुसऱ्या मुठींत हलविला असें लोक म्हणतात. राष्ट्राच्या रक्षणार्थ कांहीं गोष्टी गुप्त राहणें अवश्य आहे, हें कोणीही सुज्ञ नाकारणार नाहीं. शत्रूस आपल्या रडारची व कॅमेऱ्याची शक्ति कळूं नये, हें योग्यच. परंतु ‘हें सांगतां येत नाहीं’ असें म्हणणें निराळें, आणि भलतेंच कारण सांगून प्रामाणिक साक्षीदारास वेडा ठरविणें निराळें. पहिल्यानें गुपित राखलें जातें. दुसऱ्यानें विश्वास जातो, आणि तो परत मिळविण्यास पिढ्या लागतात. प्रजेचेंही कर्तव्य तितकेंच कठोर आहे. तिनें दप्तर अवश्य मागावें. पण त्यांतून जें निघेल तें आपल्या इच्छेविरुद्ध असलें तरी मान्य करण्याची तयारी ठेवावी.