तंबू निवडताना
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



शिक्षकाने व्यासपीठावरून अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. मी आज तंबूवर बोलणार आहे. त्याचे कारण असे की, शिबिराचे पत्रक घरी गेले की दोन प्रश्न हमखास शाळेत येतात. पहिला, "सर, मुलामुलींना रात्री उघड्यावर ठेवणे सुरक्षित आहे का?" आणि दुसरा, "बाजारात सर्व ऋतूंत चालणारा तंबू मिळतो म्हणतात, तोच घेऊन टाकू का?" माझ्या मते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट समजले, तर पहिल्याचे अर्धे उत्तर आपोआप मिळते.

मी इतिहासाचा शिक्षक आहे, म्हणून एक आठवण करून देतो. तंबू, कनात, शामियाना, मेख हे शब्द आपल्या मराठीत फारसीच्या वाटेने आले. अबुल फजलाच्या 'आइन-इ-अकबरी'त फर्राशखान्याचे, म्हणजे तंबू, गालिचे आदी सरंजामाच्या खात्याचे, वेगळे प्रकरण आहे. मुक्काम कोठे, किती माणसांचा, यावर तंबूचा प्रकार ठरत असे. एकच तंबू सगळीकडे चालेल, असे त्या काळच्या जाणकारांनाही वाटले नाही.

आजही स्थिती तीच आहे. दुकानात 'चारही ऋतूंचा' म्हणून जो तंबू दाखवतात, तो मुख्यतः बर्फासाठी आणि जोरदार वाऱ्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या काठ्या जास्त आणि जाड, कापड दाट, जाळीच्या खिडक्या कमी. हिमालयात तो जीव वाचवतो. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन गिर्यारोहण संस्था येथे आपल्यापैकी कोणी शिकायला गेला, तर त्याला अशा तंबूचे मोल कळेल. पण तोच तंबू कोकणातल्या दमट हवेत लावला, तर आत झोपणारा घामाने न्हाऊन निघेल. म्हणून पालकहो, तंबूची किंमत विचारण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा : कोठे जायचे, कोणत्या महिन्यात जायचे, आणि पाठीवर किती ओझे न्यायचे?

आपल्याला जायचे असते सह्याद्रीत. तेथे खरी परीक्षा पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसासाठी कापड पाहताना त्याची 'वॉटर कॉलम' नावाची संख्या विचारा. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला, तर किती मिलिमीटर उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, ते ही संख्या सांगते. वरच्या आच्छादनाला साधारण ३,००० आणि तळाला ५,००० असेल तर चांगले. तळाला जास्त का? कारण आपण गुडघा टेकतो, कूस बदलतो, तेव्हा ओल्या जमिनीवर तळ दाबला जातो आणि पाणी वर येऊ पाहते. तळाची कड चारही बाजूंनी परातीच्या काठासारखी उभी हवी. शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का, हे बोट फिरवून पाहा. कापड कितीही चांगले असले तरी पाणी सुईच्या भोकातून वाट काढते.

दुसरी गोष्ट, तंबू दुपदरी घ्यावा. आत जाळीदार खोली आणि बाहेर पावसाचे आच्छादन, दोहोंत हातभर नाही तरी वीतभर पोकळी. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडत असते. एकपदरी तंबूत ती थंड कापडाला लागून पाणी होते आणि सकाळी अंथरूण ओले दिसते. मग आपण म्हणतो, तंबू गळका निघाला. वास्तविक तो गळलेला नसतो, त्याला श्वास घ्यायला जागा नसते. बाहेरचे आच्छादन मात्र जमिनीच्या जवळपर्यंत यावे. टोपीसारखे नुसते माथ्यावर बसणारे आच्छादन आपल्या आडव्या पावसात उपयोगाचे नाही.

आता वारा. तंबूच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात किंवा ॲल्युमिनियमच्या. फायबरग्लास स्वस्त, पण ताण आला की चिरफाळते. ॲल्युमिनियम बहुधा वाकते, आणि वाकलेली काठी तात्पुरती सरळ करून रात्र काढता येते. काठ्या जितक्या ठिकाणी एकमेकींना छेदतात, तितका तंबू वाऱ्याला घट्ट. बाजूच्या दोऱ्या शोभेच्या नसतात. आकाश निरभ्र असले तरी त्या ताणून मेखांना बांधायच्याच.

आपल्या जुन्या स्काउट पथकांतील सुती कॅनव्हासची राहुटी अजून काही शाळांत आहे. तिला नावे ठेवू नका. सूत भिजले की फुगते आणि विणीतली छिद्रे बुजतात. उन्हाळ्यात ती नायलॉनपेक्षा सुसह्य असते. मात्र ती जड असते आणि ओली गुंडाळून ठेवली की बुरशी धरते. गाडी दारापर्यंत जाते तेथे राहुटी, आणि डोंगर चढायचा तेथे हलका तंबू, असा साधा हिशेब ठेवावा.

पण मित्रांनो, उत्तम तंबूही चुकीच्या जागी लावला तर तो आपले रक्षण करत नाही. २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी येथे ऐन पावसाळ्यात डोंगर खचला आणि घरेच्या घरे गाडली गेली. जेथे घर टिकत नाही तेथे कापडाची काय कथा? म्हणून अतिवृष्टीच्या दिवसांत उभ्या उताराखाली मुक्काम नको. कोरड्या दिसणाऱ्या ओढ्याच्या पात्रात तर नकोच नको. विजा कडाडू लागल्या तर तंबूत न बसता पक्क्या इमारतीत जावे. तंबूत चूल, शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नये. आगीचे भय आहेच, शिवाय बंद जागेत विषारी वायू साचतो आणि त्याला वासही नसतो. १९९७ साली हजच्या काळात मिना येथे तंबूंना आग लागली आणि तीनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे आगीला दाद न देणाऱ्या कापडाचे तंबू उभारण्यात आले. ही शिकवण आपल्या छोट्या शिबिरालाही लागू आहे.

एका पालकांनी मला विचारले होते, "सर, एका रात्रीचा तर प्रश्न आहे, कोणताही तंबू चालणार नाही का?" मी त्यांना म्हणालो, परीक्षाही तीनच तासांची असते. भिजलेले कपडे आणि वारा एकत्र आले की कडक थंडी नसतानाही लहान मुलाच्या अंगातली ऊब झपाट्याने जाते. ती एक रात्र निभावण्यासाठीच तंबू घ्यायचा असतो.

आता खर्चाचे. आपल्यातले बहुतेक पालक कष्टकरी आहेत, याची मला जाणीव आहे. दहा पालकांनी दहा तकलादू तंबू घेण्यापेक्षा संस्थेने पाच-सहा चांगले तंबू घ्यावेत आणि ते सर्वांच्या उपयोगी पडावेत, अशी माझी कार्यकारी मंडळाला विनंती आहे. मग जो मुलगा तंबू विकत घेऊ शकत नाही, तोही डोंगरावर जाईल. ज्या मुलीच्या आईला काळजी वाटते, तिने शिबिराआधी शाळेच्या मैदानावर यावे. तेथे मुले तंबू उभारतील, आम्ही त्यावर बादल्यांनी पाणी ओतू आणि आईने आत बसून पाहावे. थेंब आत आला, तर तो तंबू शिबिराला जाणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडेही एक काम आहे. घरी परतल्यावर तंबू उन्हात फार वेळ न ठेवता सावलीत पूर्ण वाळवा, मेखा मोजा, मगच घडी घाला. पुढच्या वर्षी त्यात तुमचा धाकटा भाऊ किंवा बहीण झोपणार आहे, हे ध्यानात ठेवा.