इंजिन बदललं, पण कारण?
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मोटारींच्या शर्यती म्हटलं की डोळ्यांसमोर कोट्यवधी रुपयांच्या गाड्या येतात. आपल्या देशात मात्र हा खेळ रुजला तो स्वस्त गाड्यांवर. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक धावपट्टी होती, तिथे वर्षानुवर्षं शर्यती व्हायच्या. १९९० साली इरुंगाट्टुकोट्टाईला खास शर्यतीचा मार्ग तयार झाला. त्याच सुमारास कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन वापरून एका माणसाने बसायची छोटी शर्यतीची गाडी घडवली. मध्यमवर्गातल्या मुलांना शर्यतीचं दार उघडलं ते अशा गाड्यांमुळे. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय नारायण कार्तिकेयन हासुद्धा मारुतीच्या इंजिनावर चालणाऱ्या गाड्यांतूनच पुढे आला. करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेले. कोइमतूरजवळच्या शर्यतीच्या मार्गाला आज त्यांचंच नाव आहे.

बंद गाड्यांच्या शर्यतीत हेच काम मारुती एस्टीमने केलं. १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, नवी असताना ८५ अश्वशक्ती. २००७ साली तिचं उत्पादन थांबलं, पण वजनाला हलकी आणि सुटे भाग स्वस्त, म्हणून शर्यतीच्या पोरांनी तिला सोडलं नाही. आज मी सांगणार आहे ते अशाच एका एस्टीमबद्दल.

माझं गॅरेज कोल्हापुरात. ओतकाम आणि लेथवर वाढलेलं हे शहर, त्यामुळे शर्यतीची हौस आणि ती पुरवणारे मिस्त्री दोन्ही इथे भरपूर. ही गाडी तीन मुलांची. तिघंही नोकरी करणारी, पगारातून वर्गणी काढून शर्यतीत उतरणारी. वर्षभरात त्यांची दोन इंजिनं गेली होती. दोन्ही वेळा दुसऱ्या एका गॅरेजात जुनं काढून भंगारातलं नवं बसवलं गेलं. माझ्याकडे आली तेव्हा गाडी दोरीने ओढत आणली होती. म्हणाली, ‘‘काका, आता एकाच इंजिनापुरते पैसे उरलेत. हेही गेलं तर गाडी विकायची.’’

मी म्हटलं, नवं इंजिन नंतर बघू. आधी मेलेलं आणा.

इंजिन उघडलं. पिस्टन ठीक, हेड ठीक, पण कनेक्टिंग रॉडचं एक बेअरिंग घासून तांबूस झालेलं आणि क्रँकला खोल ओरखडे. आधीचं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात पडून होतं, तेही मुलांकडून मागवलं. तेच बेअरिंग, तसेच ओरखडे. दोन वेगळ्या गाड्यांतून आलेली दोन इंजिनं एकाच जागी मरतात, तेव्हा दोष इंजिनात नसतो. बेअरिंग असं जातं ते तेल न मिळाल्याने. तेल तर पातळीइतकं भरलेलं होतं. मग ते जात कुठे होतं?

गाडी चालवणाऱ्या मुलाला विचारलं, ‘‘तेलाचा लाल दिवा कधी लागतो का?’’ तो म्हणाला, ‘‘लांब वळणावर लुकलुकतो, पण सरळ रस्त्याला लागलो की विझतो.’’ उत्तर त्यातच होतं.

इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. त्यात तीन-साडेतीन लिटर तेल आणि तेल ओढणारी एक जाळी. ताटलीत आमटी घेऊन कोणी एसटीत बसलं आणि गाडी घाटाच्या वळणावर गेली, तर आमटी एका काठाला चढते. चेंबरातल्या तेलाचंही तेच होतं. रोजच्या वापरात आपण वळणं सावकाश घेतो, तेल थोडंसं कलतं, काही बिघडत नाही. शर्यतीचे चिकट टायर लावले की वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास जातो. तो जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की तेलाची पातळी चक्क ४५ अंशांत कलते. तेल एका भिंतीला, जाळी उघडी, आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. ६००० फेऱ्यांवर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला दोनशे स्फोट होत असतात. त्यांचा सगळा मार झेलणाऱ्या बेअरिंगवर तेलाचा पापुद्राच राहत नाही. एका फेरीत काही होत नाही, पण वीस फेऱ्यांत बेअरिंग जातं.

म्हणजे तिसरं इंजिन तसंच बसवलं असतं, तर तेही त्याच वळणावर गेलं असतं.

मग इंजिनाच्या शोधाला लागलो. भंगार बाजारातलं इंजिन घेताना पहिलं काम नंबर आणि कागद तपासायचं. चोरीच्या गाडीचं इंजिन गळ्यात पडायला वेळ लागत नाही. (रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचं इंजिन बदललं तर आरसी पुस्तकात नवा नंबर चढवावा लागतो, हेही जाता जाता लक्षात ठेवा.) दुसरं, तेलाचं झाकण उघडून बघायचं. आत दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी शिरलंय. तिसरं, कॉम्प्रेशन मोजायचं. चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे हवेत. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात, नाही चढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेडचं गॅस्केट गेलंय. आम्ही तीन इंजिनं परत पाठवली आणि चौथं घेतलं.

मुलांना वाटत होतं, संध्याकाळपर्यंत गाडी सुरू होईल. मला दहा दिवस लागले. बेअरिंगं, रिंगा, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, सगळी सीलं नवी. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मोजून घेतली, बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळले. इंजिनाची जुनी रबरी फाउंडेशनं बदलली, कारण इंजिन जागेवर हललं की गिअर नीट पडत नाहीत. वायरींच्या प्रत्येक जोडाला काढतानाच चिठ्ठी लावून ठेवली होती.

मुख्य काम चेंबरचं. जाळीभोवती पत्र्याच्या आडभिंती घातल्या आणि त्यांना आतल्या बाजूलाच उघडणारी छोटी दारं बसवली. तेल जाळीकडे येऊ शकतं, वळणावर पळून जाऊ शकत नाही. त्या वर्गाच्या नियमांत हे बसतं का, ते मुलांनी आधी तांत्रिक तपासनिसांना विचारून घेतलं होतं. चालवणाऱ्याच्या नजरेसमोर तेलाच्या दाबाचा मोठा दिवा लावला आणि त्याला बजावलं, हा दिवा लुकलुकला तरी गाडी बाजूला घ्यायची, मग नंबर कितवाही असो. पत्र्याचा खर्च विचाराल तर तिघांच्या एका वेळच्या मिसळीइतका.

त्यानंतर ट्यूनिंग. या शब्दाभोवती फार गूढ आहे, पण मुळात प्रश्न दोनच. हवेबरोबर पेट्रोल किती, आणि ठिणगी कधी. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला एका किलोला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण जोर हवा असेल तेव्हा पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं. त्याने जोरही मिळतो आणि आतली उष्णताही आटोक्यात राहते. इथे एक नवी गोष्ट आली आहे. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांचंही इथेनॉल त्यात असतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून अशा इंधनाला हवा कमी लागते, किलोला साधारण साडेतेरा किलो. जुन्या गाडीच्या संगणकाला हे ठाऊक नाही. पूर्ण वेगात तो जुन्याच हिशेबाने इंधन सोडतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होतं. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन मोजणारा सेन्सर लावून, त्याच्या आकड्यावर इंधन वाढवून घेतलं. रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घातल्या.

ठिणगीचंही असंच तोलून पाहायचं. ती थोडी लवकर टाकली की जोर वाढतो. फार लवकर टाकली की उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं आणि डब्यात खडे वाजवल्यासारखा आवाज येतो. ते फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं. जोर मोजणाऱ्या रोलरवर गाडी चढवली आणि एकेक अंश पुढे नेत गेलो. चाकांवर ७४ अश्वशक्ती मिळाली. ठिणगी अजून दोन अंश पुढे नेली असती तर ७७ मिळाली असती, तसं रोलरवर दिसलंही. मुलं हट्टाला पेटली. म्हणाली, ‘‘काका, तीन घोडे असे सोडून द्यायचे?’’ मी म्हटलं, ते तीन घोडे पागेतच राहू देत. गॅरेजात पंख्यासमोर उभ्या गाडीला जे सोसतं, ते दुपारच्या उन्हात पंधराव्या फेरीला सोसेलच असं नाही.

शर्यत कोइमतूरला झाली. मुलांचा नंबर सातवा आला. पण मला त्यांचा फोन येण्याआधी मी सांगून ठेवलेलं काम त्यांनी केलं होतं. तेलाचा फिल्टर काढून, कापून, त्याचा कागद उन्हात धरून बघितला होता. बेअरिंग झिजत असेल तर कागदावर चमचमणारे कण दिसतात. कागद स्वच्छ होता, दिवाही एकदा लागला नव्हता. तेच इंजिन घेऊन ती पुढच्या फेरीलाही गेली.

शर्यतीच्या नादाला लागलेल्या तरुण श्रोत्यांना दोन गोष्टी सांगतो. वेग हवा तर तो शर्यतीच्या मार्गावरच, हेल्मेट घालून आणि पट्टे आवळून. सार्वजनिक रस्त्यावर शाळेची पोरं चालत असतात. आणि इंजिन बसलं तर लगेच भंगार बाजाराकडे धावू नका. बदलणं सोपं असतं. पैसे मोजले की दुसरं मिळतं, आणि कारण मात्र चेंबरात तसंच बसून राहतं. म्हणून नवं आणण्याआधी जुन्या इंजिनाशेजारी तासभर पाना घेऊन बसा आणि त्यालाच विचारा, बाबा रे, तू कशाने गेलास? नीट उघडलंत, तर ते सांगतं.