तपास आपलाही धर्म



१९५५ साली मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या झाली. शेरीफने आरोपींच्याच बाजूने साक्ष दिली. अशा वेळी डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड या कृष्णवर्णीय शल्यचिकित्सकाचे घर खाजगी तपासाचे केंद्र बनले. मेडगर एव्हर्स, रुबी हर्ली शेतमजुरांच्या वेशात साक्षीदार शोधीत फिरले. विली रीड हा तरुण निर्भयपणे साक्षीस उभा राहिला. गोऱ्या ज्यूरीने आरोपींना सोडले. १९५६ मध्ये त्यांनीच नियतकालिकातून गुन्हा कबूल केला.

खैरलांजीत २००६ साली मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन करावे लागले. जखमेची नोंद चुकली की न्याय अडतो, हे आम्ही डॉक्टर जाणतो. म्हणूनच मायदेशी सत्यशोधनास निघणाऱ्या कार्यकर्त्यांना आपण केवळ देणगी नव्हे, आपले ज्ञानही देऊ या.

जयभीम!