बाहेरच्या प्रोग्रॅमचे चलान



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांची हयात गेली, त्यांना जॉबवर्कचे चलान म्हणजे काय हे सांगण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. परंतु माल प्लेटिंगसाठी बाहेर धाडताना त्यासोबत नग, वजन आणि ड्रॉइंगचा क्रमांक एवढेच जाते, कारखान्याची कीर्द-खतावणी जात नाही, हा जो तुमच्या अंगवळणी पडलेला शिरस्ता, तो संगणकाच्या राज्यात पुष्कळ काळ शिथिल राहिला, आणि त्यापायी जे अनर्थ ओढवले त्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

वेब सर्व्हर तयार पाने स्वतः पुरवतो. हिशेब करावयाचा वा दाखला शोधावयाचा झाला की बाहेरच्या प्रोग्रॅमला पाचारण करतो. या पाचारणाची रीत, सीजीआय, 1993 साली अमेरिकेतील एनसीएसए या संस्थेत निघाली व ऑक्टोबर 2004 मध्ये आरएफसी 3875 या दस्तऐवजात लेखनिविष्ट झाली. मागणी कोणत्या प्रकारची, कोणत्या पत्त्यावरून आली, सोबतचा मजकूर किती लांबीचा, हे सारे सर्व्हर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांत, म्हणजे नाव आणि मूल्य अशा जोड्यांत, मांडून देतो. युनिक्सवर निराळी यादी हाती दिली नाही, तर बोलावणाऱ्याजवळचे सर्व व्हेरिएबल, त्यांत एखादा पासवर्ड असल्यास तोही, नव्या प्रोग्रॅमकडे वारसाहक्काने जातात. म्हणून अपाचे सर्व्हरचा सूएक्झेक हा सहायक प्रोग्रॅम मंजूर नावांखेरीज बाकी सर्व गाळतो आणि प्रोग्रॅम कोठे शोधावेत हे सांगणारा ‘पाथ’ स्वतः नव्याने लिहितो. कोऱ्या कागदापासून आरंभ करण्याची ही पद्धत मला सर्वस्वी ग्राह्य वाटते.

खरी मेख मात्र पुढे आहे. पाहुण्याने मागणीसोबत पाठवलेले हेडर सर्व्हर ‘एचटीटीपी’ हा उपसर्ग लावून त्याच यादीत घालतो. म्हणजे परक्याचे शब्द आपल्या दप्तरी दाखल होतात. सप्टेंबर 2014 मध्ये स्टेफान शाझेला यांनी उघड केलेल्या ‘शेलशॉक’ दोषात बॅश हा शेल, म्हणजे हुकूम बजावणारा प्रोग्रॅम, विशिष्ट घाटाच्या मूल्यामागे चिकटवलेला हुकूम मुकाट्याने बजावत असे, आणि तसे मूल्य ब्राउझरच्या नावाच्या हेडरमधूनही पाठवता येई. तेथे निदान बॅशचा अपराध स्पष्ट होता.

जुलै 2016 मध्ये ‘एचटीटीपॉक्सी’ या नावाने गाजलेल्या प्रकरणात तर प्रत्येक पक्ष आपापल्या नियमाने निर्दोष! पाहुण्याने ‘प्रॉक्सी’ नावाचे हेडर धाडावे, सर्व्हरने नियमानुसार उपसर्ग लावावा, आणि त्यातून ‘एचटीटीपी प्रॉक्सी’ हे जे नाव सिद्ध होई, तेच नाव बाहेर जाणाऱ्या मागण्या कोणत्या मध्यस्थामार्फत धाडाव्यात हे ठरवण्यासाठी अनेक लायब्ररी पूर्वापार वाचत आल्या असल्याने, आपल्या प्रोग्रॅमचा पत्रव्यवहार त्या पाहुण्याच्याच यंत्रावरून वळे. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेच्या लायब्ररीत हा धोका 2001 सालीच ओळखला गेला होता. सर्व्हर हे नाव मोठ्या अक्षरांत लिहितो, म्हणून कर्ल हे साधन याच कारणास्तव ते केवळ लहान अक्षरांतले मानते. एकाच्या दारी लागलेला शोध शेजाऱ्याच्या कानी पडण्यास पंधरा वर्षे लागावीत, ही मला त्या दोषाहूनही लाजिरवाणी गोष्ट वाटते.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या कारखान्यात असा सर्व्हर चालतो, त्यांनी आपल्या संगणक विभागाकडून दोन गोष्टींची शहानिशा करून घ्यावी: ‘प्रॉक्सी’ हे हेडर वेशीवरच गाळले जाते काय, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमला दिली जाणारी यादी कोऱ्या कागदावर लिहिली जाते काय.