पडद्यावरचा वणवा

चैत्र-वैशाखांतल्या रात्रीं चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला दूरच्या डोंगरउतारावर कधीं कधीं एक तांबडी रेघ दिसते. नवख्याला ती दीपमाळेसारखी शोभिवंत वाटते. त्या मुलुखांतल्या माणसाला मात्र ती पाहतांच कळतें कीं, जंगल पेटलें आहे. ती रेघ हळूहळू सरकते, कोठें तुटते, कोठें दुभंगते, कोठें आपोआप विझते आणि पहांटेपर्यंत डोंगराची एक बाजू काळी झालेली असते. ती कोठें तुटेल आणि कोठें तुटणार नाहीं, हें कशावर अवलंबून असतें? या प्रश्नाच्या उत्तराचा कांहीं भाग अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडतो. फावल्या वेळांत संगणकावर लहान लहान खेळ आणि हलतीं चित्रें रचणाऱ्या हौशी लोकांच्या छंदांत तो सांपडतो. त्या छंदाची आणि या वणव्याची गांठ घालून पाहणें, एवढाच प्रस्तुत भाषणाचा हेतु आहे.

संगणकाला करावयाच्या कामाची जी क्रमवार यादी लिहून द्यावी लागते, तिला आज्ञावली म्हणतात. आरंभीं ती लिहिणें हें मूठभर तज्ज्ञांचें काम होतें. १९६४ सालीं अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन केमेनी व टॉमस कर्ट्झ या दोघां गणितज्ञांनीं बेसिक नांवाची सोपी आज्ञाभाषा तयार केली. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाहि संगणक हाताळतां यावा, ही त्यांची इच्छा होती. पुढें १९८० नंतरच्या दशकांत घरगुती संगणक आले आणि ही भाषा हजारों मुलांच्या हातीं पडली. भारत सरकारनें १९८४ सालीं शाळांतून संगणक-साक्षरतेचा जो प्रकल्प सुरू केला, त्यांतील बीबीसी मायक्रो या इंग्रजी बनावटीच्या संगणकांतहि बेसिकच होती. मुलांनीं तिच्यांतून काय केलें? बहुतेकांनीं प्रथम खेळच केले. पडद्यावर चेंडू उडवला, साप पळवला, तारे पाडले. युरोपांत या हौशी कलेला इतकी प्रतिष्ठा आली कीं, फिनलंडनें २०२० सालीं तिला आपल्या देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या सूचींत स्थान दिलें.

या हौशी मंडळींची एक आवडती करामत म्हणजे पडद्यावर ज्वाळा पेटवणें. ती करावयास चित्रकला यावी लागत नाहीं. पडदा हा बुद्धिबळाच्या पटासारखा घरांचा एक पट आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक घरांत एक अंक असतो. तो त्या घराची ऊब दाखवतो. शून्य म्हणजे काळा रंग, थोडी अधिक ऊब म्हणजे गर्द तांबडा, मग नारिंगी, मग पिंवळा आणि सर्वांत वर पांढरा. तळच्या ओळींत दर क्षणीं वाटेल तसे लहानमोठे अंक टाकावयाचे. वरच्या प्रत्येक घरानें आपल्या खालच्या तीन घरांची सरासरी घ्यावयाची आणि तींतून थोडी ऊब वजा करावयाची. नियम एवढाच. तो सेकंदाला पंचवीस-तीस वेळां फिरवला कीं, काळ्या पडद्याच्या तळांतून जिवंत ज्वाळा उसळूं लागतात. त्यांच्या जिभा वर जातात, तुटतात, विरतात. ज्वाळेचें चित्र कोणींहि काढलेलें नसतें. शेजाऱ्याकडे पाहून वागण्याचा एक साधा नियम हजारों घरांनीं पाळलेला असतो.

परंतु ही ज्वाळा चुलींतली आहे; ती जागची हलत नाहीं. डोंगरावरची रेघ हवी असेल, तर आज्ञावली थोडी बदलावी लागते. आतां पटाची प्रत्येक घरांत झाड तरी असेल, किंवा तें घर मोकळें तरी असेल. पटाच्या डाव्या कांठावरचीं झाडें पेटवावयाचीं. जळत्या झाडाच्या वर, खालीं, उजवीकडे वा डावीकडे झाड असेल, तर तें पुढच्या फेरींत पेटतें. जळून गेलेल्या झाडाची राख होते आणि तें घर कायमचें मोकळें होतें. एवढें लिहावयास नवशिक्यालाहि एक संध्याकाळ पुरते.

पहिल्याच संध्याकाळीं त्याच्या हातून बहुधा एक चूक होते आणि ती मोठी बोधप्रद असते. त्याचा वणवा उजवीकडे आणि खालीं विजेसारखा धांवतो, डावीकडे आणि वर मात्र एकेक पाऊल सरकतो. पडद्यांत वारा सुटला कीं काय, असें त्याला वाटतें. वारा वगैरे कांहीं नसतो. संगणक तो पट पुस्तकाच्या पानासारखा वाचतो; एक ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्या खालची. वाचतां वाचतां त्यानें एक झाड पेटवलें, कीं लगेच पुढचें घर वाचतांना त्याला शेजारीं आग दिसते, म्हणून तो तेंहि पेटवतो. अशा रीतीनें एकाच फेरींत सबंध ओळ जळून जाते. यावर उपाय असा कीं, दोन पट ठेवावयाचे. जुन्या पटावर पाहावयाचें, नव्या पटावर लिहावयाचें, आणि सर्व घरें झाल्यावरच नवा पट पुढें मांडावयाचा. निसर्गांत सर्व झाडें एकाच वेळीं जळतात. वाचणाऱ्याच्या सोयीनें एकामागून एक जळत नाहींत. पाहणाराची पद्धति आणि पाहिलेली वस्तु यांची गल्लत होऊं देऊं नये, हा शास्त्राचा पहिला धडा या मुलाला शिक्षकावांचून मिळतो.

चूक सुधारल्यावर खरी मौज सुरू होते. शंभर घरें लांब आणि शंभर घरें रुंद असा पट घ्यावा. त्यांतल्या दहा हजार घरांपैकीं निम्म्या घरांत, वाटेल तेथें, झाडें लावावीं आणि डावा कांठ पेटवावा. आग थोडी आंत शिरते आणि विझून जाते. शेंकडा सत्तर घरांत झाडें लावलीं, तर ती उजव्या कांठाला जाऊन भिडते. आतां साहजिकच असें वाटेल कीं, झाडें जसजशीं वाढवावीं तसतशी आगीची मजल हळूहळू वाढत जाईल. तसें होत नाहीं. शेंकडा एकोणसाठच्या आसपास एकदम पालट होतो. त्याच्या खालीं आग पार जात नाहीं, त्याच्या वर ती अडत नाहीं. पट जितका मोठा घ्यावा, तितकी ही सीमा अधिक रेखीव होते. त्या सीमेवरच वणवा सर्वांत दीर्घकाळ जगतो. गल्लीबोळांतून वाट काढीत, मागें वळत, पुन्हां पुढें जात तो पुष्कळ फेऱ्या भटकत राहतो. या विषयाचा पाया १९५७ सालीं ब्रॉडबेंट आणि हॅमर्सली या इंग्रज गणितज्ञांनीं घातला. वायुरोधक मुखवट्याच्या सच्छिद्र गाळणींतून वायु पार जाईल कीं नाहीं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता; पण गाळणीला लागू पडणारा नियम वणव्यालाहि लागू पडतो. आग किती प्रखर आहे, यापेक्षां जळणारी वस्तु एकसंध आहे कीं तुटक, यावर वणव्याचें भवितव्य ठरतें.

त्याच आज्ञावलींत आणखी एक शब्द बदलून पाहावा. झाडाला चारऐवजीं आठ शेजारी द्यावे, म्हणजे कोपऱ्यांतूनहि आग जाऊं द्यावी. ती सीमा एकोणसाठवरून शेंकडा एकेचाळीसपर्यंत खालीं येते. पूर्वीं जें जंगल सुरक्षित होतें तेंच आतां धोक्यांत येतें. झाड एकहि वाढलेलें नसतें, फक्त ठिणगीचा हात थोडा लांबलेला असतो. वाऱ्याचें काम हेंच आहे.

एवढें झालें कीं, त्याचा खेळ करणें अवघड नाहीं. खेळणारास वनरक्षकाची भूमिका द्यावी. दर फेरीस त्यानें तीन घरें साफ करावींत आणि अखेरीस जितकीं झाडें उरतील तितके गुण मिळवावे. पहिल्या डावांत प्रत्येकजण ज्वाळेच्या मागें धांवतो आणि हरतो. दहाव्या डावापर्यंत त्याला उमगतें कीं, आग जेथें आहे तेथें जाऊन उपयोग नाहीं. ती जेथें येणार आहे तेथें आधींच रेघ काढली पाहिजे, आणि ती रेघ मुळांतच मोकळ्या असलेल्या नाल्याला अथवा गाडीवाटेला नेऊन जोडली पाहिजे. आठ शेजाऱ्यांच्या खेळांत तिरपी, एकेरी रेघ काढणाराची फजिती होते. कोपऱ्याकोपऱ्यांतून आग निसटते. वन खात्याचे लोक उन्हाळ्यापूर्वीं पालापाचोळा काढून जे मोकळे पट्टे करतात आणि ज्यांना जाळरेषा म्हणतात, त्यांचें मर्म खेळणाराला असें आपोआप कळतें.

आतां पडद्यावरून पुन्हां डोंगराकडे वळावें. चंद्रपूर आणि गडचिरोली हे पूर्वीं मिळून एकच जिल्हा होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला. त्या जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग जंगलानें व्यापलेला आहे. साग, ऐन, धावडा, मोह, तेंदू आणि बांबू यांचें हें पानझडीचें रान आहे. माघ-फाल्गुनांत पानें गळतात, पुढें पारा कधीं कधीं ४५ अंशांच्याहि वर चढतो आणि जमिनीवर वाळल्या पानांचें एक अखंड पांघरूण पसरतें. वणवा बहुधा या पांघरुणावरून चालतो. मोठीं झाडें त्यांतून तगतात. परंतु रोपें, कोंब आणि जमिनीवरचीं घरटीं जळतात, आणि दरवर्षीं जळणाऱ्या रानांत उद्यांचें झाड उभेंच राहत नाहीं. पडद्यावरचें घर येथें एका झाडाचें न राहतां पानांनीं झाकलेल्या जमिनीचें होतें. उतारावर आग वर चढतांना अधिक वेगानें जाते, हें मात्र त्या सपाट पटाला ठाऊक नसतें.

गमतीची गोष्ट अशी कीं, आकाशांतून पाहणारे उपग्रहहि हें रान चौकटींच्या पटासारखेंच पाहतात. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या आधारें वणव्यांच्या सूचना वन खात्यांना देत आली आहे. त्यांतल्या एका यंत्राचें एक घर सुमारें एक किलोमीटर बाजूचें, तर दुसऱ्याचें सुमारें ३७५ मीटर बाजूचें असतें. हौशी मुलाचा पट आणि शास्त्रज्ञाचा पट यांत फरक आहे तो घरांच्या आकाराचा व नियमांच्या बारकाव्याचा. विचाराची रीति एकच आहे.

तरी एक प्रश्न पट कधींच विचारीत नाहीं. पडद्यावर डावा कांठ पेटवावा अशी आज्ञा लिहिलेली असते, म्हणून तो पेटतो. रानांतला कांठ कोण पेटवतो, आणि कां? या दोन जिल्ह्यांतले वणवे बहुतांशीं माणसाच्या हातून लागतात, आणि त्यामागें पुष्कळदां पोटाचा प्रश्न असतो. मोहाचीं फुलें मार्च-एप्रिलांत पहांटे गळतात. वाळल्या पानांत तीं दिसत नाहींत, म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूच्या झुडपाला कोंवळीं, मोठीं पानें फुटावींत म्हणूनहि आग लावली जाते. विडीसाठीं लागणारीं हींच पानें उन्हाळ्यांत चार पैसे देतात. झाडाखालची लहानशी आग विझवावयास कोणी थांबला नाहीं, कीं ती डोंगर चढते. फुलें वेंचणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटत नाहीं. तिची टोपली भरली पाहिजे आणि रानहि राहिलें पाहिजे.

या बाबतींत चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यांतील पाचगांवचें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं या गांवाला २०१२ सालीं भोंवतालच्या वनावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क हातीं येतांच गांवानें एकत्र बसून आपल्या रानाचे नियम ठरवले. तेंदूपानें तोडावयाचीं म्हणजे झाडें छाटावीं लागतात व आगी लागतात, म्हणून येणाऱ्या पैशावर पाणी सोडून तीं तोडणेंच ग्रामसभेनें बंद केलें आणि उपजीविकेसाठीं बांबूवर भिस्त ठेवली. पडद्यावर हजार डाव खेळून जें हातीं येत नाहीं, तें येथें एका ठरावानें साधण्याचा यत्न झाला. जाळरेषा काढण्यापेक्षां ठिणगीच न पडूं देणें केव्हांहि स्वस्त. परंतु तें तेव्हांच शक्य होतें, जेव्हां ज्यांचें पोट त्या रानावर आहे तेच नियम लिहितात.

आणि हौशी आज्ञावलीकाराचा धडाहि अखेर हाच आहे. दुसऱ्यानें रचलेला खेळ खेळणारा मुलगा त्यांतले नियम देवाज्ञेसारखे मानतो. स्वतः खेळ रचणाऱ्या मुलाला कळून चुकतें कीं, नियम कोणीतरी लिहिलेले असतात, त्यांत चुका असूं शकतात, आणि एक शब्द बदलल्यानें सबंध रान वांचूं वा जळूं शकतें. गडचिरोलीच्या एकाद्या शाळेंतल्या मुलीनें आपल्याच गांवचा नाला, आपलीच टेकडी आणि आपल्याच मोहाचीं झाडें त्या पटावर मांडलीं, तर तो केवळ खेळ राहणार नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत डोंगरावर तांबडी रेघ दिसली, म्हणजे ती कोठें तुटेल हें ती ओळखील. आणि ती कोठें तोडावयाची, हें ग्रामसभेंत उभी राहून सांगूंहि शकेल.