मोठे स्पीकर, लहान घर
(रौप्यमहोत्सवानिमित्त ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. त्यातली माझ्या वाट्याला आली शेवटची सहा. सचिव म्हणाले, "काका, तुम्ही स्पीकरवर बोला." मला वाटलं, माईकवर बोला म्हणतायत! मग कळलं, मोठं घर सोडून फ्लॅटमध्ये येताना मी माझ्या जुन्या स्पीकरांचं काय केलं, ते त्यांना हवंय. इथं आणखी बरेच जण मोठं घर सोडून आलेत, म्हणून सांगतो.

१९८३ साली बँकेच्या ट्रेनिंगला मी हैदराबादला गेलो होतो. त्या काळी नांदेडकरांची मोठी खरेदी म्हणजे हैदराबाद. तिथून स्पीकरची जोडी घेतली आणि मीटर गेजच्या गाडीनं नांदेडला आणली. प्रत्येक पेटी तीन फूट उंच, आत दहा इंची वूफर, एकट्यानं उचलायची सोय नाही. घराची बैठक १४ बाय २२ फुटांची आणि शेजारचं घर बोळ ओलांडून. रविवारी सकाळी शाखेतली चार-पाच मंडळी यायची. भीमसेनजी, कुमारजी, किशोरीताई यांच्या रेकॉर्डी लागायच्या, चहाच्या दोन फेऱ्या व्हायच्या. त्या मंडळींतले आता आम्ही दोघंच उरलोय.

गुडघे दुखू लागले, मुलगी लातूरला, म्हणून इथं आलो. हॉल १० बाय १५. सौ. म्हणाली, "ही दोन कपाटं ठेवायची की सोफा ठेवायचा?" सोफ्याचं काहीतरी जमलं असतं, मला काळजी दुसरीच होती. आपलं लातूर शिकणाऱ्या पोरांचं गाव. आमच्या खालच्याच घरात नीटची तयारी करणारा मुलगा. म्हणून एक दिवस नेहमीच्या आवाजात अभंग लावला, सौ.ला वर बसवलं आणि मी खाली जाऊन त्या मुलाच्या खोलीत उभा राहिलो. त्याची आई म्हणाली, "काका, गाणं कळत नाही, पण धम्म-धम्म आवाज यायलाय. तुम्ही लावा हो, आम्ही काही म्हणणार नाही." मंडळी, ती माऊली तक्रार घेऊन कधीच वर आली नसती. म्हणूनच मला निर्णय घ्यावा लागला.

असं का होतं? बारीक, उंच स्वर भिंतीला अडतो. खर्ज भिंतीला आणि स्लॅबलाच हलवतो. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. पंधरा फुटी हॉलमध्ये असा आवाज एका कोपऱ्यात घुमतो, तर दुसऱ्या ठिकाणी गायबच होतो. म्हणजे शेजाऱ्यांना त्रास आणि आपल्यालाही नीट ऐकू येत नाही. कायद्याचंही सांगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा.

आता नवीन काय घ्यायचं? स्पीकरचा एक जुना हिशेब आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॉटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीचा स्पीकर काढला. लहान पेटीतून खर्ज मिळाला, पण त्याला वॉट जास्त लागू लागले. मला खर्ज कमीच हवा होता, म्हणून पाच इंची वूफरची, फूटभर उंचीची जोडी घेतली. जुन्या जोडीपेक्षा तिचा आवाज सहा डेसिबलनं कमी. म्हणजे तेवढ्याच आवाजाला चौपट वॉट लागणार. पण मी आता सहा फुटांवर बसतो, त्यामुळे जुना तीस वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. फक्त घेताना अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांचे ओहम जुळतात का, ते बघा.

काय गेलं, तेही सांगतो. डग्ग्याची घुमक गेली, तानपुऱ्याचा भरदारपणा थोडा गेला. पण कान हुशार असतो. वरच्या स्वरांवरून खालचा स्वर तो ओळखून घेतो. शब्द मात्र पूर्वीपेक्षा स्पष्ट कळतात. आपल्या वयात आधी बारीक स्वर ऐकू येईनासे होतात आणि त्यांच्याबरोबर स, श, त, फ अशी व्यंजनं निसटतात. तेव्हा नुसता आवाज वाढवून भागत नाही, जवळ बसावं लागतं. एकदा कानांची तपासणीही करून घ्यावी.

मांडणी सोपी आहे. वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीला हवा. पेट्या भिंतीपासून हातभर पुढे ठेवा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. उंच फळीवर, डोक्यावर ठेवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवणाऱ्यांना याचं कारण सांगायला नको.

राहिली जुनी जोडी. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. बँकेत जन्मभर घसारा मोजला, पण हा भाव काही पटला नाही. वूफरच्या कडेच्या फोमचा बहुतेक वेळा पंधरा-वीस वर्षांत भुगा होतो. तेवढा बदलला की वूफर पुन्हा कामाला येतो. माझा फोम बदलून घेतला आणि जोडी नांदेडच्या एका गायनवर्गाला दिली. त्यांचा हॉल मोठा आहे, वर-खाली कुणी राहत नाही. मुलं जुन्या गवयांच्या रेकॉर्डी त्यावर ऐकतात. दिवाळीत नांदेडला गेलो की मीही जाऊन बसतो.

घरात मोठी, जुनी, आवडती वस्तू असेल तर आधी खोली मोजा, मग एकदा शेजाऱ्याच्या घरात उभं राहून बघा. आणि ज्यांना गाणं ऐकायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे या. हॉल लहान आहे, चार खुर्च्या मावतात. चहाच्या दोन फेऱ्या अजून होतात.